दुधातील पालाश आणि घरातील ताक

उसाला पालाश किती द्यावे, हा प्रश्न कृष्णाकाठच्या कोणत्याही शेतकऱ्यास विचारावा. उत्तर तोंडपाठ असते. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश. आडसालीला ४००, १७० व १७०. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ही शिफारस आहे. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ सालापासून उसावर संशोधन चालू असल्याने सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यास खताचे हे गणित जणू घरचेच झाले आहे. जुन्या पानांच्या कडा करपू लागल्या की तो लगेच म्हणतो, "पालाश कमी पडले." परंतु त्याच शेतकऱ्यास, "घरातील माणसांना दररोज पालाश किती लागते आणि ते कोठून मिळते?" असे विचारले, तर तो विचारणाऱ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतो. माणसाला खत कशाला, असा भाव त्या नजरेत असतो. प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न अनेक सभांतून विचारला आहे व ती नजरही अनेकदा अनुभवली आहे.

वास्तविक, खताच्या पोत्यावर ज्यास पालाश म्हणतात आणि डॉक्टर ज्यास पोटॅशियम म्हणतात, ते मूलद्रव्य एकच होय. फरक इतकाच की पोत्यावरील आकडा ऑक्साइडच्या रूपाने मोजलेला असतो, आहारातील आकडा प्रत्यक्ष मूलद्रव्याचा असतो. म्युरेट ऑफ पोटॅशच्या पोत्यावर ६० टक्के असे लिहिलेले असले, तरी त्यात मूलद्रव्य सुमारे निम्मे, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात २५ किलो भरते. हे मूलद्रव्य १८०७ साली हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने विजेच्या साहाय्याने प्रथम वेगळे केले. तोवर जगास ते राखेच्या क्षाराच्या रूपानेच ठाऊक होते. लाकडाची राख पाण्यात भिजवावी, ते पाणी मडक्यात आटवावे आणि तळाशी जो क्षार उरेल तो वापरावा, अशी युरोपातील जुनी रीत होती. मडके व राख या दोन शब्दांवरूनच पोटॅश हे नाव पडले. आपल्याकडील आयाबाया परसातील वांगी-मिरचीच्या बुडाशी चुलीतील राख टाकीत, त्याही पालाशच देत होत्या. नाव ठाऊक नव्हते, गुण ठाऊक होता.

पिकात पालाश पेशींच्या रसात असते. पानावरील सूक्ष्म रंध्रे उघडणे-मिटणे, पानात तयार झालेली साखर कांडीत पोहोचविणे, ही कामे त्याच्या आधाराने चालतात. माणसाच्या शरीरातही ते पेशींच्या आतच राहते. साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पालाश असते आणि त्यापैकी शेकडा अठ्ठ्याण्णव भाग पेशींच्या आत असतो. मिठातील सोडियम मात्र मुख्यतः पेशींच्या बाहेर, रक्तात व इतर द्रवांत राहते. आत पालाश, बाहेर सोडियम, अशी ही विभागणी आहे व तिच्यावरच मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचे ठोके अवलंबून आहेत. अंगात चरबी साठते तसे पालाश साठवून ठेवता येत नाही. अधिक झालेले मूत्रपिंडे बाहेर टाकतात; म्हणून ते रोजच्या रोज अन्नातून यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली प्रौढ माणसासाठी दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम पालाश सुचविले आहे, व त्याच वेळी मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे असेही सांगितले आहे. या दोन शिफारशी जोडीने वाचाव्यात. पुरेसे पालाश मिळाले की मूत्रपिंडे जादा सोडियम बाहेर टाकू लागतात आणि वाढलेला रक्तदाब खाली येण्यास मदत होते. आपल्या ताटात मात्र उलट स्थिती आढळते; खर्डा, लोणचे, पापड, शेव-फरसाण यांतून मीठ पुष्कळ आणि पालाश बेताचे.

दूध हे पालाशाचे आगर

आता दुधाकडे वळू. दूध म्हटले की आपण चुना, म्हणजे कॅल्शियम, आठवतो व ते योग्यच आहे. परंतु गाईच्या एक लिटर दुधात साधारणतः सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत पालाश असते व पुष्कळदा ते त्याच दुधातील चुन्याइतके किंवा थोडे अधिकही भरते. म्हशीच्या दुधात चुना वरचढ असतो, पालाश गाईच्या दुधाच्या आसपास किंवा किंचित कमी. शेळीच्या दुधात ते थोडे अधिकच असते. माण, आटपाडी, जत या भागांतील धनगर बांधवांच्या मुलांना ही गोष्ट कोणी न सांगताही लाभलेली आहे. ढोबळ मानाने असे धरावे की अर्धा लिटर दुधातून सहाशे ते सातशे मिलिग्रॅम पालाश मिळते, म्हणजे दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा.

जनावराला पालाशयुक्त वैरण अधिक घातली म्हणजे दुधातील पालाश वाढेल, अशी समजूत करून घेऊ नये. कासेतील पेशी आपले प्रमाण सोडीत नाहीत. त्यामुळे खिलार गाय असो, पंढरपुरी म्हैस असो वा होल्स्टिनची संकरित गाय असो, दर लिटरमागे फार मोठा फरक पडत नाही. खिलार गाय पालाशात उणी नाही, ती दुधात उणी आहे. तिची थोरवी नांगराला व मोटेला होती.

कासेचे हे प्रमाण बिघडते ते एकाच प्रसंगी विशेष करून, आणि गोठ्यात वावरणाऱ्याने ते जाणून घेण्यासारखे आहे. निरोगी कासेत दूध ज्या पेशींत तयार होते त्यांच्या आतल्या द्रवासारखेच दुधातील क्षारांचे प्रमाण असते, म्हणजे पालाश अधिक व सोडियम कमी. कासदाह झाला, ज्यास आपल्याकडे दगडी म्हणतात, की पेशींमधील सांधे सैल पडतात. मग रक्तातील सोडियम व क्लोराइड दुधात झिरपते आणि दुधातील पालाश उलट बाहेर निघून जाते. दूध खारट लागते ते यामुळेच. आटत आलेल्या जनावराचे दूध किंचित खारट लागते, त्यामागेही थोड्याफार प्रमाणात हेच कारण असते. क्षारांचे प्रमाण बदलले की दुधातून वीज वाहण्याची शक्ती वाढते व त्यावरून कासदाह ओळखणारी यंत्रे मोठ्या गोठ्यांत वापरली जातात. लहान शेतकऱ्याने चव घेऊन पाहण्याच्या भानगडीत पडू नये. पहिल्या दोन-चार धारा काळ्या कपड्यावर किंवा काळ्या भांड्यात घेऊन गुठळ्या दिसतात का ते पाहावे, संशय आल्यास पशुवैद्यकास दाखवावे आणि त्या सडाचे दूध घरात वा डेअरीत देऊ नये.

येथे एक हिशेब मांडून पाहण्याचा मोह आवरत नाही. दिवसाला दहा लिटर दूध देणारी गाय दररोज सुमारे चौदा ग्रॅम पालाश कॅनमध्ये घालते. तीनशे दिवसांच्या वेतात ते चार किलोंच्या थोडे वर जाते. म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या एका पोत्यात जेवढे पालाश आहे, तेवढे जमण्यास सतरा-अठरा हजार लिटर दूध लागेल! यावरून कोणी म्हणेल की दुधातील पालाश क्षुल्लक आहे. पिकाच्या मापाने ते क्षुल्लकच. पण माणसाची गरज पोत्याची नसून साडेतीन ग्रॅमची आहे. बरे, गाय वैरणीतून जे पालाश खाते त्याचा सुमारे दशांशच दुधात उतरतो. बाकीचे शेणातून व बहुतांश मूत्रातून गोठ्यात पडते. देशात वापरल्या जाणाऱ्या पालाश खतासाठी आपण परदेशांवर अवलंबून आहोत आणि गोठ्यातील मूत्र मात्र दगडी फरशीवरून गटारात वाहू देतो. उसाचे पाचट, भुसा किंवा सुकी माती अंथरून ते टिपून घेतले व खड्ड्यात नेले, तर विकत घेतल्याशिवाय पालाश शेतास मिळते. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, येथे इतकेच.

दूध कोठे जाते, पालाश कोठे राहते

सातारा व सांगली हे दोन जिल्हे दुधाच्या धंद्यात जुने आहेत. १९४९ साली संस्थानांचा मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्याच्याही आधी, १९३९ साली, कृष्णाकाठच्या भिलवडीत चितळ्यांची डेअरी सुरू झाली होती. पुढे १९७० पासून देशभर दुधाचा महापूर योजना आली, सहकारी संघ उभे राहिले, संकरित गाई आल्या आणि दुष्काळी पट्ट्यातील घरालासुद्धा दर दहा दिवसांनी दुधाचा पगार मिळू लागला. माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ येथे पाऊस हुलकावणी देतो तेव्हा घर चालते ते या पगारावर. म्हणून 'दूध विकू नका' असा उपदेश करणे म्हणजे त्या घराची चेष्टा करणे होय. तसा उपदेश येथे करावयाचा नाही.

डेअरी दर ठरविते तो स्निग्धांशावर व स्निग्धेतर घन पदार्थांवर. गाईच्या दुधास ३.५ व ८.५ हे प्रमाण कोणासही सांगता येते. पालाशास तेथे वेगळा भाव नाही. लोणी व तूप यांना बाजारात भाव आहे, पनीरला आहे, चक्क्याला आहे. आणि गंमत अशी की ज्यास भाव आहे त्यात पालाश जवळजवळ नाही.

याचे कारण समजावून घेतले म्हणजे पुढचे सारे सोपे होते. पालाश दुधातील पाण्यात विरघळलेले असते, स्निग्धांशात नसते. पाणी ज्या बाजूला जाईल त्या बाजूला पालाश जाते. पाच लिटर दुधात सहा-सात ग्रॅम पालाश आहे असे धरा. विरजून, घुसळून लोणी काढले व कढवून तूप केले, तर तुपात पालाश नाममात्रही उरत नाही; जवळजवळ सर्व ताकात राहते. पनीर केले तर दहापैकी आठ-नऊ भाग निथळलेल्या पाण्याबरोबर जातात. श्रीखंडासाठी चक्का टांगला तर दोनतृतीयांशाहून अधिक पालाश फडक्यातून खाली ठिबकते. खवा मात्र निराळा. त्यात पाणी फक्त वाफ होऊन जाते व क्षार कढईतच राहतात. त्या अर्थाने साताऱ्याचा कंदी पेढा हा पालाशाचा चांगलाच साठा म्हणावा लागेल, पण पेढे खाऊन पालाश मिळविण्याची शिफारस कृषी खात्याने अद्याप केलेली नाही व त्यातील साखर पाहता पुढेही करणार नाही.

साखरेचेही असेच आहे. उसात जे पालाश आपण पोत्यांनी ओततो त्यातील जे रसात येते ते पांढऱ्या साखरेत राहत नाही, मळीत जाते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या द्रवाची राख करून त्यापासून पालाश खत तयार होऊ लागले आहे ते याच कारणाने. गुळात मळी वेगळी होत नसल्याने शंभर ग्रॅमला काहीशे मिलिग्रॅम पालाश शिल्लक असते. गूळही शेवटी गोडच. तो बेतानेच खावा. पण पदार्थ जितका पांढरा व निर्मळ करावा तितके पालाश त्यातून निसटते, हे येथे स्पष्ट दिसते.

खटाव तालुक्यातील एका वाडीवर गेलो असता हीच गोष्ट समोर दिसली. घरी दोन संकरित गाई व एक म्हैस. गाईंचे दूध सकाळ-संध्याकाळ केंद्रावर जात होते. म्हशीच्या दुधाचे तूप करून ते पुण्यास ओळखीच्या घरांत विकले जाई व त्यास चांगला भाव येई. अंगणात ताकाचे मोठे पातेले भरलेले होते. घरातील आजींना विचारले, "आजी, एवढ्या ताकाचे काय करता?" त्या हसून म्हणाल्या, "आवं सायेब, दूध डेरीचं, तूप पुण्याचं, ताक म्हशीचं न् च्या आमचा." खरोखरच ते ताक पेंडीत मिसळून म्हशीपुढे गेले. घरात पाच माणसे होती, त्यांपैकी दोन शाळकरी मुले. त्या दिवशी घरातील प्रत्येकाच्या वाट्यास आलेले दूध म्हणजे चहात पडलेले चमचाभर-दोन चमचे.

पूर्वी असे नव्हते, असे आजीच सांगत होत्या. ताक-कण्या, ताकातील चाकवत, ज्वारीच्या पिठाची आंबील, कढी हे रोजचे जेवण होते. लोण्याचा गोळा विकला तरी ताक शेजारीपाजारी वाटले जाई व ते विकणे कमीपणाचे समजत. त्या काळी घरात पैसा कमी होता, दूधही कमी होते. परंतु दुधातील पालाश घरातच राहत होते.

ताकाची बाजू

ताकाचा कैवार केवळ जुन्या आठवणींच्या आधाराने घ्यावा असे नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४५९ प्रौढ माणसांना तीन प्रकारचा आहार देऊन त्यांचा रक्तदाब मोजण्यात आला. एका गटास तेथील नेहमीचा आहार, दुसऱ्यास फळे व भाज्या अधिक असलेला आहार, तिसऱ्यास फळे-भाज्यांच्या जोडीला कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ. मीठ सर्वांना सारखेच होते. दुसऱ्या गटाचा रक्तदाब उतरला, तिसऱ्याचा त्याहून अधिक उतरला आणि ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला होता त्यांना सर्वाधिक लाभ झाला. हे सारे श्रेय एकट्या पालाशाचे नव्हे. चुना, मॅग्नेशियम, प्रथिने यांचाही त्यात वाटा असणार. तथापि कमी स्निग्धांशाचा दुग्धपदार्थ म्हणून परदेशात जो डबा विकत घ्यावा लागतो, तो आपल्या घरी लोणी काढल्यावर फुकट उरतो. ज्यांना दूध पचत नाही अशा पुष्कळांना ताक पचते, कारण विरजणाने दुधातील साखरेचा काही भाग आधीच खर्ची पडलेला असतो.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. घुसळताना पाणी घातले जाते, म्हणून पातळ ताकाच्या एका पेल्यात दुधाच्या पेल्याइतके पालाश नसते. निम्म्यास निम्मे पाणी असेल तर पालाशही निम्मे. आणि ताकात मूठभर मीठ घालून ते प्यावयाचे असेल, तर रक्तदाबाच्या दृष्टीने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. जिरेपूड, आले, कोथिंबीर यांनी ताक रुचकर होते. मीठ घालावयाचेच तर चिमूटभर.

पनीर वा चक्का घरी करणाऱ्यांनी निथळलेले पाणी ओतून देऊ नये. भाकरीचे पीठ मळण्यास, आमटीत, कढीत ते चालते. आपल्याकडील सुगरणींना ही युक्ती नवी नाही. पुरण घालताना हरभऱ्याची डाळ शिजवून वरचे पाणी काढतात, त्यात डाळीतील पालाश उतरलेले असते, आणि कटाची आमटी त्याच पाण्याची होते. होळीच्या दिवशी पुरणपोळीपेक्षा त्या आमटीवर ज्यांचा जीव अधिक, त्यांनी चवीपायी का होईना, शहाणपणच केले आहे.

एका माणसाच्या ताटाचा हिशेब करून पाहू. दोन-सव्वादोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, शंभर ग्रॅमला तीनशेच्या वर मिलिग्रॅम या प्रमाणात, सातशेच्या आसपास देतात. पन्नास ग्रॅम तूरडाळीची आमटी पाचशेच्या वर. वाटीभर भाजी तीन-चारशे. कांदा व चहातील दूध मिळून शंभर-दीडशे. एकूण सतराशे-अठराशे, म्हणजे गरजेच्या निम्मे. त्यात अर्धा लिटर दुधाचे दूध, दही वा ताक, एक केळे व मूठभर शेंगदाणे मिळविले की आकडा तीन हजारांच्या जवळ जातो. उरलेली तूट कोरेगावच्या वाघ्या घेवड्याने भरून निघावी. या घेवड्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कडधान्यांत पालाशाच्या दृष्टीने घेवड्याची जात फार वरची आहे. तासगावचा बेदाणाही तसाच, परंतु तो पिकविणाऱ्याच्या घरातसुद्धा सणावारीच दिसतो.

यावरून दिसेल की दूध हा पालाशाचा एकमेव वा सर्वांत मोठा मार्ग नव्हे. डाळी, कडधान्ये, भाज्या त्याच्या पुढे आहेत. दुधाचा विशेष असा की दुष्काळी भागात, उन्हाळ्यात, जेव्हा भाजी महाग होते व केळी दिसत नाहीत, तेव्हाही ते दावणीला असते. चैत्र-वैशाखात जत वा म्हसवडच्या बाजूला जाऊन पाहावे. हिरवी भाजी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीच दिसते, पण धार रोज निघते.

अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांनी येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली तान्ह्या मुलांविषयी. आईच्या दुधात लिटरला सुमारे अर्धा ग्रॅम पालाश असते, गाईच्या दुधात जवळजवळ तिप्पट. वासराचे वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होते, माणसाच्या मुलास त्याला पाच महिने लागतात. तेव्हा निसर्गाने दोघांचे दूध निरनिराळे केले यात नवल नाही. वासरासाठी बेतलेले क्षार व प्रथिने तान्ह्या मुलाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर भार टाकतात. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि वर्ष पुरे होईपर्यंत गाई-म्हशीचे दूध हे मुख्य पेय म्हणून देऊ नये, हे घरोघर सांगावे.

दुसरी गोष्ट जुलाबांविषयी. घामातून मुख्यतः मीठ जाते, पालाश थोडेच. जुलाबांत मात्र पालाश पुष्कळ जाते आणि मूल गळून पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरविलेल्या जलसंजीवनीच्या लिटरभराच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. हे शेवटचे द्रव्य म्हणजे आपल्या म्युरेट ऑफ पोटॅशचेच शुद्ध औषधी रूप. (पोत्यातील खत कोणी चुकूनही औषध म्हणून वापरू नये.) घरी केलेल्या मीठ-साखरेच्या पाण्यात पालाश नसते. म्हणून पुडी मिळेपर्यंत वर्षावरील मुलास किंचित मीठ घातलेले पातळ ताक, डाळीचे पाणी, भाताची पेज द्यावी, तान्ह्याचे अंगावरचे दूध बंद करू नये, व पुडी मिळताच ती सुरू करावी.

ज्यांना हे लागू नाही

शेवटी एक चूक सांगितली पाहिजे, आणि ती माझीच आहे. वाळवा तालुक्यातील एका गावी शेतकरी मेळाव्यात मी वरीलप्रमाणे ताक, केळी, घेवडा यांचे गुण सांगितले. सभा संपल्यावर एक तरुण शेतकरी थांबला. "साहेब, आमच्या अण्णांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. डॉक्टरांनी केळं, शहाळं, ताक सगळं मोजून द्यायला सांगितलंय. तुम्ही म्हणता भरपूर घ्या. आता घरात काय सांगू?" सभेत अण्णाही बसलेले होते. मी जे सांगितले ते निरोगी माणसासाठी खरे होते. परंतु समोर बसलेले सर्वच निरोगी आहेत असे मी धरून चाललो होतो.

मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की जादा पालाश बाहेर पडत नाही, ते रक्तात साठते. रक्तातील त्याचे प्रमाण लिटरला साडेतीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट या अरुंद पट्ट्यातच असावे लागते. ते फार वाढले तर हृदयाची गती बिघडते व पूर्वसूचना न देता प्राणावर बेतू शकते. मधुमेह व रक्तदाब दीर्घकाळ असलेल्यांची मूत्रपिंडे नकळत दुबळी झालेली असू शकतात. रक्तदाबाच्या काही औषधांनीही पालाश अंगात अडून राहते. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून जे मीठ मिळते त्यात सोडियमच्या जागी पालाश घातलेले असते. निरोगी माणसास ते उपकारक, मूत्रपिंडाच्या रोग्यास घातक. अशा सर्वांनी दूध-ताकाचे माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आहाराविषयी बोलावयास उभे राहताच प्रथम हे विचारावे, आणि मग पुढे बोलावे. मी आता तसेच करतो.

त्या तरुणाच्या घरी नंतर जाण्याचा योग आला. पालाश पाण्याबरोबर जाते, ही एकच गोष्ट त्याच्या पत्नीने सभेतून नेमकी उचलली होती आणि ती डॉक्टरांना विचारून घेतली होती. अण्णांची डाळ व भाजी ती बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी काढून देत होती. ते काढलेले पाणी तिने दुसऱ्या पातेल्यात धरले होते. त्यात चिंच, गूळ व मसाला घालून बाकीच्या घरासाठी आमटी उकळत होती.